चारही चाकांना ताकद, ब्रेक मात्र तेच

फोर बाय फोर गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना न जाता चारही चाकांना जाते. साध्या गाडीचे एक चाक चिखलात सुटे फिरू लागले की ती जागच्या जागी घुरघुरत राहते. फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या ज्या चाकाला जमीन पकडता येते ते गाडी ओढून नेते. या गाड्यांचे खरे वेगळेपण एवढेच आहे आणि ते पुढे जाण्यापुरतेच आहे. ब्रेक तर रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. त्यामुळे निसरड्या उतारावर थांबायची वेळ आली की दणकट जीप आणि साधी हॅचबॅक यांच्यात फारसा फरक उरत नाही. उलट जीप जड आणि उंच असल्याने तिचे वागणे जास्त अडचणीचे ठरते. इतर गाड्या जिथे पोहोचूच शकत नाहीत तिथे ती चालकाला सहज नेते. तिथून सुखरूप बाहेर आणण्याचे काम मात्र चालकाच्या अकलेवर सोडते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात अशा गाड्या गेल्या काही वर्षांत नजरेत भरतील इतक्या वाढल्या. महिंद्राने २ ऑक्टोबर २०२० रोजी नवी थार बाजारात आणली. जून २०२३ मध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी आली. फोर्सची गुरखा आधीपासून होतीच. आठवडाभर या गाड्या घोडबंदर रोडवर किंवा शीळफाट्याला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतात आणि रविवारी पहाटे मुरबाड, शहापूर, बदलापूरकडे सुटतात. एरवी सगळा सराव डांबरी रस्त्याचा आणि वाहतूक कोंडीचा, आणि सुट्टीच्या दिवशी समोर सह्याद्रीचा कातळ, लाल माती, ओढे आणि भाताची खाचरे. याच भागातल्या पाड्यांवर पूर्वी प्रवासी नेणाऱ्या जुन्या महिंद्रा जीप बहुतांशी टू-व्हील-ड्राइव्हच होत्या. त्यांचे चालक रोजच्या वाटेवरचा प्रत्येक ओढा ओळखून होते आणि पाणी वाढले की गप्प अलीकडे थांबत. आजच्या हौशी चालकाकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी समर्थ गाडी असते, पण ती ओळख नसते.

फोर बाय फोर थार, जिम्नी आणि गुरखा या तिन्ही गाड्यांत चारही चाके गरजेपुरती जोडायची व्यवस्था आहे. टू-एच म्हणजे नेहमीची दोन चाकांची ताकद, फोर-एच म्हणजे चार चाके आणि नेहमीचा वेग, फोर-एल म्हणजे चार चाके, कमी वेग आणि जास्त जोर. डांबरी रस्त्यावर फोर-एच किंवा फोर-एलमध्ये गाडी चालवू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत; मातीत चाक थोडे घसरून तो फरक भरून काढते, पण डांबरावर त्याला घसरता येत नाही आणि सगळा ताण गिअरच्या दातांवर येतो. दुसरे असे, की चार चाके जोडली म्हणून गाडी अडकत नाही असे नाही. खाचखळग्यात पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी अधांतरी झाले तर ताकद त्या मोकळ्या चाकांकडेच वाहून जाते. डिफरन्शियल लॉक असतो तो अशा वेळेसाठी. तो लावला की एका अक्षावरची दोन्ही चाके सक्तीने बरोबर फिरतात. ज्या गाडीत लॉक नसतो तिथे संगणक मोकळ्या चाकाला ब्रेक लावून तेच काम करायला बघतो. दोन्हींपैकी आपल्या गाडीत काय आहे हे घरी पुस्तिका उघडून पाहायचे असते. ओढ्याच्या मधोमध तो शोध लावण्यात अर्थ नसतो.

पुस्तिकेत आणखी काही आकडे असतात आणि तेही विक्रेत्याच्या बडबडीपेक्षा उपयोगाचे असतात. थारच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर जागा आहे, जिम्नीच्या २१० मिलिमीटर. समोरचा चढ किती तीव्र असला तरी बंपर न घासता पुढचे चाक त्यावर टेकेल हे ज्या कोनावरून ठरते तो थारमध्ये सुमारे ४१ अंश आणि जिम्नीत ३६ अंश आहे. बांधावरून जाताना गाडीचे पोट टेकू नये यासाठीचा कोन थारमध्ये २७ आणि जिम्नीत २४ अंश. शेताचा उंच बांध ओलांडताना गाडी तराजूसारखी मधोमध टेकून चारही चाके लुळी पडतात ती हा तिसरा आकडा विसरल्यामुळे. मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढायचा मोह टाळावा. मागच्या अक्षाच्या मध्यावर डिफरन्शियलचा गोळा खाली लोंबत असतो आणि दगड नेमका त्यालाच भिडतो. चाक दगडावर चढवले तर गाडीचे पोटही त्याच्याबरोबर वर उचलले जाते.

निघण्याआधीची तयारी कंटाळवाणी असते, म्हणून ती टाळली जाते. मागे ठेवलेला जॅक, पाण्याचा कॅन, कूलर हे सामान पट्ट्यांनी आवळलेले नसेल तर गाडी कलंडल्यावर तेच डोक्यावर येते. छतावर सामान रचले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कलंडण्याची शक्यता वाढते. सीटबेल्ट सगळ्यांनी, मागच्यांनीही, पूर्ण वेळ लावायचा. वेग ताशी पाच किलोमीटर असला तरीही, कारण कलंडायला वेग लागत नाही. हात खिडकीबाहेर किंवा वरच्या दांड्याला धरून बाहेर काढलेले नकोत. सनरूफमधून मुलांना उभे करण्याची हौस घोडबंदर रोडवरही जीवघेणी आहे, मग दगडांच्या वाटेचे काय बोलावे. स्टिअरिंग धरताना अंगठे आतल्या बाजूला अडकवू नयेत. चाक दगडावर आपटले तर स्टिअरिंग झटक्यात फिरते आणि अंगठा मोडतो.

टायरमधली हवा हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. डांबरावर साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. चिखलाच्या किंवा दगडांच्या वाटेला लागण्याआधी ती २० ते २२ वर आणली तर टायर पसरतो, जमिनीला जास्त लांब टेकतो आणि तीक्ष्ण दगडावर फाटण्याऐवजी त्याला कवटाळतो. वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरता येते, मात्र त्याखाली गेल्यास तीव्र वळणावर टायर रिमवरून निखळू शकतो. डांबरावर परत येताच हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचे मीटर गाडीत हवेच.

चिखल सगळा एकसारखा नसतो. मुरमाच्या वाटेवर वरचा राडा दोन-तीन बोटांचा असतो आणि खाली टणक थर लागतो. तिथे बेताने, सलग वेगाने गेले की गाडी निघते. खाचरातला चिखल वेगळा. आवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, नांगरून, पाणी साठवून मुद्दाम मऊ केलेली ती जमीन असते आणि तिला तळ लवकर सापडत नाही. गुळगुळीत झालेल्या टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की चाक साबणासारखे फिरते. अशा वेळी नवशिका चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि प्रत्येक फेऱ्यासरशी गाडी आणखी खोल रुतते. पाय काढावा, चाके सरळ करावीत, आलेल्या चाकोरीतूनच हळूच मागे यावे. मागेही येत नसेल तर उतरून फावडे घ्यावे. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणखी फसव्या, कारण ट्रॅक्टरचे पोट जीपपेक्षा बरेच उंच असते. त्या चाकोऱ्यांत गाडी घालण्याऐवजी एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक बाहेरच्या काठावर ठेवून जाणे बरे.

चढाचा नियम एकच: सरळ वर, सरळ खाली. चढ तिरका घेतला की गाडीचे वजन खालच्या बाजूच्या दोन चाकांवर येते आणि एखादा दगड वरच्या चाकाखाली आला किंवा खड्डा खालच्या चाकाखाली आला की ती कुशीवर जाते. चढाआधी गाडी थांबवून चालकाने स्वतः पायी वर जाऊन पलीकडे काय आहे ते पाहावे. बॉनेट आभाळाकडे असताना समोरचे काही दिसत नाही, आणि सह्याद्रीत टेकडीच्या पलीकडे उतारच असेल याची खात्री नसते, तिथे कडाही असू शकतो. चढताना गाडी मध्येच बंद पडली तर वळवण्याचा विचारही करू नये. ब्रेक दाबून धरावा, फोर-एलमध्ये रिव्हर्स टाकावा, इंजिन चालू करावे आणि आलेल्या रेषेतच सरळ मागे उतरावे. उतरताना फोर-एलचा पहिला गिअर टाकून इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. क्लचवर पाय ठेवला की हा लगाम सुटतो. चाके लॉक होऊन गाडी घसरू लागली तर ब्रेक दाबण्याऐवजी किंचित ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, म्हणजे चाके पुन्हा फिरू लागतात आणि स्टिअरिंग ताब्यात येते. हे मनाविरुद्ध वाटते, म्हणून आधी लहान उतारावर सराव करावा. महिंद्राने इगतपुरीजवळ असे प्रशिक्षण देणारे केंद्र चालवले आहे. थारच्या किमतीच्या मानाने अशा शिकवणीचा खर्च किरकोळ असतो, तरी बहुतेक मालक आधी मोठे टायर आणि दिवे विकत घेतात.

पठार दिसायला निर्धोक असते आणि तिथेच सावधपणा सुटतो. जुलै २०२५ मध्ये साताऱ्याच्या पाटण तालुक्यात सडावाघापूरजवळच्या टेबल पॉइंटवर ओल्या गवतात गाडी गरागरा फिरवत असताना एक तरुण मोटारीसह दरीत कोसळला. त्याआधी जून २०२४ मध्ये खुलताबादजवळ सुलीभंजनच्या डोंगरावर गाडी चालवून पाहणारी तरुणी रिव्हर्समध्ये मागे जाता जाता दरीत गेली आणि मरण पावली. या दोन्ही ठिकाणी वाट अवघड नव्हती. ओले गवत टायरखाली तेलासारखे असते आणि कड्याच्या काठावरची माती पावसात भुसभुशीत होते. कड्याकडे तोंड किंवा पाठ करून गाडी उभी करायचीच नाही, हा सल्ला काहींना भित्रा वाटतो. तो भित्राच आहे.

ठाणे जिल्ह्यात सर्वांत मोठा धोका मात्र पाण्याचा आहे. उल्हास राजमाचीच्या डोंगरातून येते, काळू माळशेजच्या कड्यांवरून, आणि बारवी, भातसा या नद्याही सह्याद्रीच्या पायथ्यापासून थोडेच अंतर धावून खाली येतात. वर घाटमाथ्यावर दोन तास कोसळले की खाली कोरड्या आकाशाखालीही ओढा चढतो. टिटवाळ्याजवळचा काळूवरचा रुंदे पूल आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा उल्हासवरचा रायता पूल मोठ्या पावसात पाण्याखाली जातात. बारवी धरण भरले की त्याच्या स्वयंचलित दरवाज्यांतून पाणी सुटते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुराने बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. जिथे आगगाडी थांबते तिथे जीपने काय पराक्रम करायचा!

थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, गुरखाची ७००. हे आकडे खोटे नाहीत, पण ते संथ पाण्याचे आहेत. वाहत्या पाण्याचा हिशेब निराळा. गाडीचा तळ ढोबळपणे सहा चौरस मीटरचा धरला तर पाणी तळाला टेकल्यानंतर चढणाऱ्या प्रत्येक दहा सेंटिमीटरला ते सुमारे सहाशे किलो भार उचलून धरते. पावणेदोन टनांच्या गाडीचे जवळजवळ सगळे वजन अशा तीस सेंटिमीटरमध्ये नाहीसे होते. पाणी आत शिरायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी तरंगते. चाकांवर वजनच उरले नाही तर चारही चाकांची ताकद कुठे लागणार? त्यात प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. अमेरिकेच्या हवामान खात्याचा इशाराही हेच सांगतो: फूटभर वाहते पाणी लहान मोटारी वाहून नेते आणि दोन फूट पाणी बहुतेक एसयूव्ही. दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर, म्हणजे माहितीपत्रकातल्या ६५० मिलिमीटरपेक्षा कमीच. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे का, हेही वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला तेव्हा दोन एसटी बस त्याच अंधारात नदीत गेल्या होत्या.

पाणी संथ, उथळ आणि तळ दिसणारे असेल तर आधी काठी घेऊन पायी उतरून पाहावे. ज्या पाण्यात चालत जाण्याची छाती होत नाही त्यात गाडी घालू नये. फोर-एलचा पहिला-दुसरा गिअर, चालण्याइतका सलग वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचे नाही. बॉनेटपुढे एक लाट तयार होते आणि तिच्या मागे इंजिनाभोवतीचे पाणी थोडे खाली राहते. जोरात शिरले तर तेच पाणी बॉनेटवर येते आणि हवेच्या नळीतून इंजिनात जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, म्हणून सिलिंडरमध्ये पाणी शिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा चावी फिरवणे ही सर्वांत महागडी चूक असते. अनेक साध्या विमा पॉलिसी इंजिनाचे असे नुकसान भरून देत नाहीत, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. स्नॉर्केल लावला की इंजिनाला हवा वरून मिळते. गाडी तरंगू लागली तर त्याचा काडीचाही उपयोग नाही.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नये, एवढेच त्याबद्दल पुरे. जून २०२४ मध्ये गुजरातेत मुंद्रा येथे रीलसाठी समुद्रात नेलेल्या दोन थार अडकल्या आणि गुन्हा दाखल झाला. अर्नाळा, केळवा, काशिद कुठेही भरतीचे पाणी कोणाच्या चित्रीकरणासाठी थांबत नाही, आणि खाऱ्या पाण्याने गाडीचा पत्रा आतून खाल्ला जातो.

गाडी अडकल्यावर खरा धोका सुरू होतो, असे अनुभवी लोक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. ताणलेला दोर तुटला किंवा त्याचे टोक निसटले तर ते गोफणीच्या वेगाने येते. गावातून ट्रॅक्टर बोलावला जातो आणि हाताला लागेल ती साखळी बंपरला बांधली जाते. बंपर त्यासाठी बनलेला नसतो आणि साखळी झटका शोषत नाही. ओढायचे ते कंपनीने दिलेल्या टो-हूकला, योग्य क्षमतेच्या शॅकलने आणि नायलॉनच्या ताणल्या जाणाऱ्या दोराने. दोराच्या मध्यावर जाड पोते किंवा घोंगडी टाकली तर तुटल्यावर तो कमी उसळतो. दोन्ही चालक सोडून बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला उभे राहायचे. नेमके याच वेळी सगळे जण मोबाइल काढून दोराजवळ येतात. इशारे एकाच माणसाने द्यावेत. त्याने गाडीसमोर उताराच्या खालच्या बाजूला उभे राहू नये आणि चालकाने फक्त त्याचेच ऐकावे. माळशेजच्या पायथ्याला, सिद्धगडाच्या अंगाला किंवा डोळखांबच्या आतल्या वाटांवर मोबाइलची रेंज जाते, म्हणून एकटी गाडी नेऊ नये. किमान दोन असाव्यात, आणि घरी कोणीतरी वाट आणि परतण्याची वेळ जाणून असावे. रेंज असेल तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

कर्जत, लोणावळ्याच्या रिसॉर्टांत भाड्याने मिळणारी चार जाड चाकांची एटीव्ही हे वेगळेच प्रकरण आहे. ती मोटारसायकलसारखी दिसते, पण झुकत नाही. वळणावर चालकाला स्वतःचे वजन आत टाकावे लागते, नाहीतर ती बाहेरच्या बाजूला उलटते. तोल जातोसे वाटताच पाय जमिनीला टेकवायची सवय दुचाकीवाल्यांना असते आणि इथे तोच पाय मागच्या चाकाखाली जातो. एका माणसासाठी बनलेल्या गाडीवर दुसऱ्याला, विशेषतः मुलाला पुढे बसवले की वजन टाकायला जागा राहत नाही. हेल्मेट बांधलेले हवे. तीन चाकांच्या एटीव्हीने इतके बळी घेतले की १९८८ मध्ये अमेरिकेत उत्पादकांना सरकारशी करार करून त्यांची विक्री थांबवावी लागली.

कायद्याच्या बाबतीत गैरसमज बरेच आहेत. वाट कच्ची असली म्हणून ती कोणाच्याच मालकीची नसते असे नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तानसा आणि भीमाशंकर अभयारण्यांची जंगले ठाणे जिल्ह्यात येतात आणि तिथे परवानगीशिवाय गाडी नेणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. माथेरानला तर दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारच जात नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे आणि धरणांच्या परिसरात मनाई आदेश काढतात, त्यामुळे निघण्याआधी ताजा आदेश पाहावा. उरलेली जमीन बहुतेक कोणाच्या तरी मालकीची असते. आवणी झालेल्या खाचराच्या कडेने गाडी गेली आणि बांध फुटला तर त्यातले पाणी वाहून जाते आणि रोपे सुकतात. तिथे एखादे कुटुंब वर्षाचे भात पिकवत असते. गाडीतल्या फेरफारांनाही मर्यादा आहे. पुढे लावायचे लोखंडी बुलबार बेकायदा असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. त्यांच्यामुळे पादचाऱ्याला जास्त मार बसतो आणि एअरबॅग उघडण्यातही अडथळा येऊ शकतो. मूळ रचनेला छेद देणारे बदल नोंदणीत चालत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

डांबरी रस्ता लागताच गाडी कडेला घ्यावी. टू-एच टाकावा, टायरमध्ये हवा भरावी, चाकांच्या आतल्या बाजूला साचलेला चिखल काढावा. तो वाळला की चाकाचा तोल जातो आणि महामार्गावर स्टिअरिंग थरथरते. खोल पाण्यातून आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबून वाळवावे लागतात, तोवर ते धड लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून डिफरन्शियलचे तेल तपासून घ्यावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे आणि तेल त्याच आठवड्यात बदलून घ्यावे.